भिंगरी कुणावर गेली

शाळेतल्या बाईंनी मला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की प्रकरण साधं नाही. त्या खुर्चीत बसलं की मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीपाशी येतात, आणि गुडघे हनुवटीपाशी आलेला माणूस वाद घालत नाही. हे बहुधा शिक्षकांना प्रशिक्षणातच शिकवत असावेत. बाई म्हणाल्या, तुमची मुलगी हुशार आहे. पुढे 'पण' येणार हे मला कळलं होतं, आणि तो आलाच.

मुलगी गणिताच्या तासाला कुणाला न सांगता उठली आणि वर्गाबाहेर गेली. शोधाशोध झाली तेव्हा ती शाळेच्या घंटेखाली उभी होती. घंटेचा दोर वर कुठे जातो ते तिला बघायचं होतं. निबंध ती सुरू करते गाईवर आणि संपवते, म्हणजे संपवत नाहीच, पण थांबते ती ढगांवर. बाकाचे स्क्रू काढते, आणि ते परत लावायचे असतात हे तिच्या गावीही नसतं. बाई असं एकेक सांगत होत्या. त्यांच्या टेबलावर मुलांना शिकवायला ठेवलेला एक लहान तराजू होता आणि त्याचं डावं पारडं किंचित खाली होतं. मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले काटे तपासून त्यांवर शिक्के मारण्यात माझा जन्म चाललाय. असं पारडं समोर असताना मला दुसरं काही सुचत नाही. मी हळूच हात लांबवून त्याची दांडी सारखी करत होतो, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तुम्ही ऐकताय ना?"

ऐकत होतोच. एकाच वेळी दोन कामं करता येतात माणसाला. बाईंनी मग त्या दुखण्याचं नाव घेतलं, अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार, आणि नक्की काय ते डॉक्टरच सांगतील म्हणाल्या. उठता उठता त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "हे कधीकधी घराण्यात असतं. तुमच्याकडे आहे का कुणी असं?"

आणि मला, गुडघे हनुवटीशी असताना, मामा आठवला.

मामा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. एका नाटक कंपनीत पडदे रंगवतो. आज या गावाला, उद्या त्या गावाला. सगळा संसार एका बॅगेत. लग्न केलं नाही, घर केलं नाही. तरी जिथे जाईल तिथे लोक त्याला जेवायला थांबवतात. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. मला त्याचा हेवा वाटतो, एवढंच. आता हे सांगूनच टाकलं म्हणजे पुढे लपवाछपवी नको.

या हेव्याचा जन्म आणि माझ्या मुलीचा जन्म एकाच दिवशीचा. मूल बघायला नातेवाईक जमले आणि त्यांनी पाळण्याभोवती उभं राहून वाटणी सुरू केली. नाक आईचं. डोळे आईच्या आईचे. केस मामाचे. जरा हसली तर हसणं मामाचं. झोपेत पाय भिंतीला लावते, तीही सवय मामाची. मी हातात टॉवेल घेऊन उभा होतो. शेवटी न राहवून विचारलं, "माझं काय आहे?" सगळ्यांनी पाळण्यात वाकून मनापासून शोधलं. बराच वेळ शोधलं. मग समोरच्या काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आडनाव आहे की."

तिचं भिंगरी हे लाडाचं नावही मामानेच ठेवलं. मीही एक नाव योजत होतो. माझी शेवटची निवड व्हायच्या आत शेजारपाजारचे सगळे तिला भिंगरी म्हणायला लागले होते.

तर शाळेतून निघालो तेव्हा माझा विचार अगदी स्वच्छ होता. हे दुखणं एक तर रक्तातून येतं, नाहीतर वाढवण्यातून. बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभाग सांभाळते आणि भल्या पहाटे बस धरते. मुलीला उठवणं, आंघोळ घालणं, डबा, शाळा हे सगळं माझ्याकडे. म्हणजे वाढवण्यातून आलं असेल तर दोष माझा, आणि रक्तातून आलं असेल तर मामाचा. केस त्याचे, हसणं त्याचं, तर हे काय माझ्या वाट्याला? मोठमोठे शास्त्रज्ञ या प्रश्नावर डोकं फोडत असतील, पण माझ्यापुरता तो सुटलेला होता. फक्त सिद्ध व्हायचा होता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मुलीची काळजी तिच्या चेहऱ्यावर दिसली, मग तिने शांतपणे विचारलं, "घराण्यात असतं म्हणाल्या? कुणाच्या?" आणि बैठकीच्या भिंतीकडे बघितलं.

इथे भिंतीबद्दल खुलासा करणं भाग आहे. आमच्या बैठकीची एक भिंत अर्धी पिवळी आणि अर्धी जुन्या रंगाची आहे. ते काम सुटलेलं नाही, थांबलेलं आहे. झालं असं की रंगाचा डबा उघडताना त्यावर छापलेलं माप माझ्या नजरेस पडलं. डब्यात खरोखर तेवढा रंग आहे का, हे बघणं माझ्या पेशाला धरून होतं. मी घरातल्या पातेल्यांत तो मोजून ओतला. थोडा कमी भरला. कंपनीला जाब विचारायचा म्हणून मी तक्रारीचा मसुदा करायला बसलो, त्यासाठी नियमांचं पुस्तक काढलं, त्यात एके ठिकाणी जुन्या काळच्या मापांची फार सुरेख माहिती होती, आणि मधल्या मधे पातेल्यांतला रंग वाळला. पातेली नवी घ्यावी लागली. तशीच पुस्तकांची एक मांडणी आहे, तिला फळ्या बसवायच्या राहिल्यात. गॅलरीत सायकल सुटी करून ठेवली आहे. यातलं एकही काम सुटलेलं नाही. मी हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी कुठे काय म्हणाले?"

बातमी जिन्यातून फिरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी मला कठड्याशी गाठून सांगितलं की रक्तबिक्त सगळं झूट, मुलाला वळण लावावं तसं लागतं. समोरच्या काकूंचं मत नेमकं उलटं. वळणाने काही होत नाही, सगळं रक्तात असतं, आणि तेही बापाकडच्या. त्यांच्या मुलांना मिळालेली बक्षिसं त्यांच्या माहेरची, आणि त्यांचे नापास झालेले विषय काकांकडचे, असा त्यांच्याकडे वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. काकूंचं मी अर्धंच मान्य केलं. मास्तर आणि काकू एकदा जिन्यात समोरासमोर आले आणि त्यांचं असं जुंपलं की मास्तरांना वाढवणाऱ्या आजीपर्यंत विषय गेला. तेव्हापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघंही याचा राग माझ्यावर काढतात.

मास्तरांनी एक उपायही दिला होता. मुलीला रोज भिंतीवरच्या घड्याळासमोर बसवायचं आणि सेकंदकाट्यावर नजर ठेवायला लावायची. उपाय सोपा होता, मी लगेच केला. भिंगरी छान बसली. मग म्हणाली, "बाबा, हा काटा दर वेळी थोडा मागे येऊन मग पुढे का उडी मारतो?" मी बघितलं, तर खरंच मारत होता. इतकी वर्षं घड्याळ घरात होतं आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दोघांनी ते खाली काढलं आणि उघडलं. आत फार गंमत असते. दुसऱ्या दिवशी बायकोची बस चुकली, कारण घरात आता घड्याळ नव्हतं, घड्याळाचे भाग होते. मी तिला म्हणालो, बघ, एवढ्या साध्या उपायातही पोरीचं लक्ष टिकलं नाही. बायकोने घड्याळाचे भाग एका डब्यात गोळा केले.

म्हणून मी ठरवलं की आता थेट मुळाशी जायचं. मामाला घरी राहायला बोलवायचं, त्याचं जवळून निरीक्षण करायचं, आणि डॉक्टरांच्या पुढ्यात त्यालाच उभं करायचं. वजनमाप खात्यात आम्ही दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, काटाच मागवतो. बायकोला म्हटलं, दादाला बोलावून घेऊ, नाटकाचे प्रयोग सध्या बंद आहेत, भिंगरीलाही बरं वाटेल. तिने इतक्या मायेने माझ्याकडे बघितलं की मला जरा लाजल्यासारखं झालं. पण शास्त्रापुढे इलाज नव्हता.

मामा आला. बॅग खाली ठेवायच्या आत भिंगरी त्याच्या गळ्यात. मी पेपर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो आणि पेपराच्या वरून बघू लागलो. माझा अंदाज बरोबर निघाला. हा माणूस एक मिनिट स्वस्थ बसला नाही. चहा पिता पिताच त्याने भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "जावईबापू, हा रंग मुद्दाम असा ठेवलाय का?" मी थांबलेल्या कामाचा खुलासा केला. त्याने मान डोलावली, खाली जाऊन रंग आणला आणि संध्याकाळच्या आत भिंत पिवळी करून टाकली. दुसऱ्या दिवशी मांडणीला फळ्या बसल्या. सायकल उभी राहिली. घड्याळ भिंतीवर चढलं आणि चालायला लागलं. मी बायकोला आत बोलावून हळूच म्हटलं, बघितलंस, हाताला क्षणाची उसंत नाही, हेच ते लक्षण. ती म्हणाली, "हातातलं काम पुरं करणं हे लक्षण कधीपासून झालं?" बायकोला शास्त्रात रस नाही.

पण मला लागलं ते वेगळंच. भिंत रंगवली त्या दुपारी भिंगरी त्याच्या शेजारी फडकं घेऊन बसली होती. तो मागेल तेव्हा ब्रश द्यायचा, खाली थेंब पडला की पुसायचा, एवढंच तिचं काम. ती हलली नाही. मधेच उठून कुठला दोर कुठे जातो ते बघायला गेली नाही. माझ्याजवळ इतका वेळ ती कधी बसल्याचं मला आठवत नाही. मी पेपर आणखी वर धरला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. दूध गॅसवर मीच ठेवलं होतं, पण निरीक्षण करणारा माणूस दुधाकडे कसं लक्ष देणार?

रविवारी मी जाहीर केलं की आज भिंगरीसाठी पक्ष्यांचं घर बनवणार, आणि मीच बनवणार. लाकूड आणलं, करवत आणली, भोक पाडायला घेतलं. मग मनात आलं, भोक किती मोठं हवं? लहान भोकाला एक पक्षी येतो, मोठ्याला दुसराच. हे अंदाजाने करणं मला पटेना, म्हणून ग्रंथालयात गेलो. तिथे पक्ष्यांच्या शेजारच्या कपाटात देवमाशांवर एक पुस्तक होतं. देवमाशाची जीभ हत्तीएवढी जड असू शकते असं त्यात दिलं होतं. हे ते कसं तोलतात, कुठल्या काट्यावर, याचा शोध घेता घेता ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली. घरी आलो तो गॅलरीत पक्ष्यांचं घर टांगलेलं. मामाने आणि भिंगरीने मिळून पुरं केलं होतं. एक पक्षी दारात बसून आत डोकावतही होता. भिंगरी धावत आली आणि म्हणाली, "बाबा, बघा ना, आम्ही केलं." तो 'आम्ही' मला फार झोंबला. मी तिला देवमाशाच्या जिभेबद्दल सांगितलं आणि ती डोळे मोठे करून ऐकत राहिली, पण माझं मन त्यात नव्हतं. मला या घरात कुणी मला सोबत घेऊन 'आम्ही' म्हणावं असं वाटत होतं. दुसरं काही नको होतं मला.

इस्पितळात जायच्या दिवशी बायकोला सुट्टी मिळाली नाही. भिंगरी, मामा आणि मी असे निघालो. मामाला मी सांगितलं होतं की डॉक्टरांना घरची माणसं बघायची आहेत. तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला होता.

नोंदणीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. लहान रुग्णासोबत एकच मोठं माणूस आत सोडतात, असा नियम त्यांनी सांगितला. मी म्हणालो, हे मामा आहेत. मामा म्हणजे रुग्ण की सोबतचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दोन्ही नाही, ते पुरावा आहेत. खिडकीतल्या बाईंनी पुराव्यासाठी रकाना नसल्याचं सांगून पुढच्याला हाक मारली. मी बाजूला झालो नाही. माझ्या खात्यात मीही नियमांवरच जगतो, त्यामुळे नियमातली फट मला दिसते. मी म्हटलं, मग यांना रुग्ण करा. मामाला काहीच हरकत नव्हती. "काढा की माझाही केसपेपर, तेवढीच तपासणी होईल," तो हसून म्हणाला. तक्रार काय लिहायची म्हणून खिडकीतून विचारणा झाली. मीच सांगितलं, एका जागी बसवत नाही.

असा मामा रुग्ण झाला. त्याला मी दाराबाहेरच्या बाकावर बसवलं आणि बजावलं, "इथून हलू नका. आत गेल्यावर मी डॉक्टरांना सांगतो, मग तुमचं नाव पुकारतील. उठलात तर नंबर जाईल." त्याने शहाण्या मुलासारखी मान हलवली.

नंबर गेला तो आमचा. तिथल्या बोळात तान्ह्या मुलांना तोलायचा एक काटा ठेवलेला होता आणि त्यावरच्या शिक्क्याची मुदत कधीच संपली होती. लहान जिवांची वजनं बेकायदा काट्यावर होतात हे बघून मी कसा गप्प बसणार? भिंगरीला घेऊन मी नर्सबाईंकडे गेलो, त्यांनी मोठ्या नर्सबाईंकडे पाठवलं, तिथून भांडारात, आणि भांडारातल्या गृहस्थांना मी काट्याची तपासणी कशी करतात ते दाखवत असताना इकडे आमचं नाव पुकारून झालं. परत खिडकी. परत रांग. मामा बाकावरून हात करत होता, त्याच्या मते नाव पुकारलं तेव्हा त्याने मला हाकाही मारल्या होत्या.

डॉक्टरीणबाई साधारण माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी भिंगरीशी बराच वेळ गप्पा मारल्या, तिला चित्रं दाखवली, ठोकळे रचायला दिले, काय काय विचारलं. शाळेचं म्हणणं ऐकून घेतलं. मग तिला कोपऱ्यात ठोकळ्यांशी खेळू देऊन त्या माझ्याकडे वळल्या. मी तयारीतच होतो. मामाची सगळी हकिगत सांगितली, एका गावात पाय ठरत नाही, बॅगेत संसार, चहा पिता पिता भिंत रंगवतो. तो बाहेरच बसलाय, बोलावू का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, आधी तुमच्याबद्दल सांगा. हाती घेतलेलं काम पुरं होतं का?

मी थांबलेली कामं आणि सुटलेली कामं यांतला फरक त्यांना समजावून दिला. त्यासाठी रंगाचा डबा सांगावा लागला, डब्यावरून जुन्या मापांचा विषय निघाला, आणि तिथून देवमाशाच्या जिभेवर आलो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्यांच्या टेबलावरच्या रक्तदाबाच्या यंत्राचा काटा शून्यावर येत नाहीये. मी तो बघायला हातात घेतला.

"मी तुम्हाला काय विचारलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मला आठवेना. सांगायला हरकत नाही, मला खरंच आठवेना. कोपऱ्यातून भिंगरीचा आवाज आला, "बाबांना विचारलं होतं, त्यांची कामं पुरी होतात का." आणि मग ठोकळ्यांवरची नजर न काढता तिने पुढे सांगितलं, "त्यांना मी आठवण करून देते. मला ते करून देतात. पण दोघं विसरलो की मग आई ओरडते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या की हे वाढवण्यामुळे होत नाही, तेव्हा तो दोष मनातून काढून टाका. घरातल्या वळणाने त्रास कमीजास्त होतो, मुलाला सोपं किंवा अवघड जातं, पण मुळात हे बहुतांशी वारशानेच येतं. मी विजयी मुद्रेने दाराकडे बघितलं. दारापलीकडे मामा बसला होता.

"बाहेर कुणाला शोधायची गरज दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "तुमची रीतसर तपासणी झाल्याशिवाय मी त्याला नाव देणार नाही. पण मुलगी तुमच्यावर गेलीय, हे आत्ताच दिसतंय."

त्या जरा सावधपणे माझ्याकडे बघत होत्या. असं सांगितल्यावर माणसं चिडत असावीत, किंवा बायकोला दोष देत असावीत. मी खुर्चीतून पुढे सरकलो.

"कुणावर?"

"तुमच्यावर."

"माझ्यावर? नक्की?"

"अगदी."

पाळण्याभोवती उभे असलेले ते सगळे नातेवाईक माझ्या डोळ्यांपुढे आले. त्यांनी एवढं वाकून वाकून शोधलं आणि त्यांना सापडलं नव्हतं. घंटेचा दोर, गाईवरून ढगांवर जाणारा निबंध, घड्याळाच्या काट्याची उडी, हे सगळं माझं होतं. डॉक्टरीणबाई पुढे बरंच सांगत होत्या, कामाचे लहान तुकडे पाडा, रोजच्या वेळा ठरवा, ओरडू नका, दोघंही परत या. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं, आणि आता लक्ष नसण्याचाही मला अभिमान वाटत होता.

औषधांच्या खिडकीकडे जायचं दार मागच्या बाजूला होतं. आम्ही त्या दाराने निघालो. रस्त्यात एका इमारतीचं काम चाललं होतं आणि एक क्रेन लोखंडाची तुळई वर उचलत होती. आम्ही थांबलो. भिंगरी म्हणाली, "बाबा, हा दोर वरून परत कुठे जातो?" माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. क्रेनवाल्याला विचारलं, तर त्याने दोर गुंडाळायचा रहाटही दाखवला. तुळई जागेवर बसेपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे होतो, आणि मी तिच्याकडे बघत होतो. वर बघताना तिचं तोंड जरासं उघडं राहतं. माझंही राहतं, बायकोने कितीदा टोकलंय.

घराच्या जिन्यात काकू भेटल्या. त्यांनी विचारायच्या आतच मी सांगितलं, माझ्यावर गेलीय. वरून मास्तर उतरत होते, त्यांनाही सांगितलं. काकूंनी मास्तरांकडे बघून नाक उडवलं आणि त्या निमित्ताने दोघं परत बोलायला लागले, म्हणजे भांडायला.

बायको नुकतीच कारखान्यातून आली होती. दार उघडून तिने पहिली नजर भिंगरीवर टाकली, दुसरी माझ्यावर, आणि मग आमच्या मागे.

"दादा कुठाय?"

मी भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला, आणि माझाही तसाच बदलत असणार.

"बाबा," ती म्हणाली, "आपण मामाला विसरलो."

शरमेने मान खाली जायला हवी होती. गेलीही. पण त्या 'आपण'मुळे आतून जे काही वाटलं ते बायकोला दिसू नये म्हणून मी चपला घालायला वाकलो. चपला पायातच होत्या.

इस्पितळाचा बोळ रिकामा झाला होता. निम्मे दिवे मालवले होते. एक माणूस फरशी पुसत होता, आणि बाकाशी येऊन त्याने मामाच्या पायांच्या दोन्ही बाजूंनी फडकं फिरवलं होतं, तेवढीच पावलांच्या आकाराची जागा कोरडी राहिली होती. मामा तिथेच होता, जिथे सकाळी बसवला होता तिथेच. इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता. हातातल्या केसपेपरवर एका जागी बसवत नसल्याची तक्रार लिहिलेली होती.

"माझं नाव नाही पुकारलं अजून," तो म्हणाला. "तुम्ही हलू नका म्हणाला होता, म्हणून मग चहालाही उठलो नाही."

भिंगरी पळत जाऊन त्याला बिलगली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याला घाई होती. सबंध दिवस तो एकच प्रश्न तोंडात धरून बसला असावा.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" त्याने विचारलं. "माझ्यावर गेलीय का?"

तो आवाज मी ओळखला. पाळण्यापाशी टॉवेल घेऊन उभं राहून मी अगदी याच आवाजात विचारलं होतं. ज्याचं घर बॅगेत मावतं, त्याचं कुठल्यातरी माणसात काही राहिलं असेल तर ते याच मुलीत होतं. आजारपण का असेना, तेही त्याला हवं होतं.

"नाही," मी म्हणालो. "माझ्यावर."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्याने भिंगरीच्या केसांवरून हात फिरवला. "नशीबवान आहात," तो म्हणाला, आणि ते खरंच तसं वाटून म्हणाला. माझा कुणी हेवा करावा असा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. मला वाटलं होतं, आला तर फार मजा येईल.

"केस तुमचे आहेत," मी त्याच्या शेजारी बाकावर बसत म्हणालो. "हसणं तुमचं आहे. झोपेत भिंतीला पाय लावते ते तुमचं. एवढं एक राहू द्या मला."

मामा हसला. त्याचं बघून भिंगरीही हसली, अगदी हुबेहूब त्याच्यासारखी. आणि खोटं कशाला सांगू, मला परत थोडा हेवा वाटला.